कापगते मॅडमची नऊ मिनिटं

कापगते मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते गोरेगावच्या आठवडी बाजारात. शाळेत रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते, त्या दिवसांत मॅडम रजेवर होत्या, माझ्या जेवणाची सोय अजून लागली नव्हती, म्हणून आलूबोंड्यांची प्लेट हातात घेऊन मी एका गाड्याशेजारी उभा होतो. तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना काळा दोरा बांधून तो गळ्यात अडकवलेला, पायात पुरुषी सँडल, खांद्यावर कापडी पिशवी. त्यांनी काही मागितलं नाही. सरळ कढईवर वाकल्या, तेलाकडे बघत राहिल्या आणि मग एखादं फूल हुंगावं तसा त्याचा वास घेतला.

“हे तेल कधीचं हाय जी?”

“आजचंच हाय. भावानं सकाळीच टाकलं,” गाडेवाला म्हणाला.

“म्हणजे तुमी आयकून सांगून राहिले. पाहून नाई.” मग माझ्याकडे वळून, “तुमी नवीन मराठीचे सर नं? मी विज्ञानाची, कापगते. खा, खा. गरम हाय तवरिक खा. पन तेल कालचं हाय.”

एवढं बोलून त्या भाजीच्या ओळीत निघून गेल्या. मी हातातल्या बोंड्याकडे पाहिलं आणि गाडेवाल्याने माझ्याकडे.

मी नगर जिल्ह्यातला. नव्या गावात माणसं आधी गोड बोलतात आणि कडूपणा नंतर हळूहळू कळतो, असा माझा अनुभव होता. इकडे ते उलटं निघालं. आमची शाळा गोरेगावपासून सात-आठ किलोमीटरवर, तीन बाजूंनी बांधी, धानाची बांध घातलेली खाचरं, चौथ्या बाजूला बोडी, म्हणजे शेताला पाणी देणारं लहानसं तळं. तिथली माणसं मनात येईल ते तोंडावर बोलत आणि मग घरी जेवायला बोलावत. मॅडम त्यातल्याही अर्क होत्या. त्यांचं सासर सौंदडचं, शेतीचं. नवरा तिकडे शेती बघायचा, मॅडम आठवडाभर गोरेगावात खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी शाळा सुटली की मोपेडवरून सौंदडला जायच्या. प्रयोगशाळेत त्या साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवत. त्या शर्टाला इतकी भोकं पडली होती की मुलं त्यांच्यावरून आम्लांची नावं पाठ करत, असं एकदा त्यांनीच मला हसत सांगितलं.

“पाहून सांगून राहिला का आयकून?” हे त्यांचं रोजचं वाक्य. एखाद्या मुलानं पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हटलं की मॅडम ते शांतपणे ऐकून घेत आणि मग हेच विचारत. ‘आयकून’ असं कबूल केलं तर त्या अजिबात रागवत नसत. “ठीक हाय. आता पाहू,” म्हणत आणि कपाट उघडत. खोटं ‘पाहून’ सांगणाऱ्याची मात्र खैर नसे. हे वाक्य त्यांनी मुख्याध्यापकांना ऐकवलं होतं, तपासणीला आलेल्या साहेबांना ऐकवलं होतं, आणि मी एकदा स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी बदलीची बातमी सांगत होतो तेव्हा मलाही ऐकवलं. बातमी खोटी निघाली.

तेलाचं सगळं प्रकरण नववीच्या वर्गात सुरू झालं. इंधनांचा धडा चालू होता. पेट्रोल कुठून येतं, कोळसा कुठून येतो, हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून पायल शेंडे नावाच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, भजे तळून झाल्यावर उरलेलं तेल कुठं जाते?”

“कुठं जाते?” मॅडमनी वर्गाला विचारलं.

“नालीत,” एक मुलगा म्हणाला.

“परत कढईत,” दुसरा म्हणाला आणि वर्ग हसला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला. वापरलेल्या तेलापासून डिझेलसारखं जळणारं इंधन करता येतं, असं त्यांनी वाचलं होतं. पण ते ‘आयकून’ होतं. आठवडाभरात त्यांच्या मोपेडला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या कॅन लटकल्या आणि शाळेच्या व्हरांड्याला भज्यांचा वास यायला लागला.

मुख्याध्यापक गोंदिया शहरातले. ते घाबरले की हिंदीत बोलत. “मॅडम, कुछ हो गया तो? बच्चे हैं ये!”

“म्हणूनच तं मिथेनॉलला कोनी हात लावत नाही, मीच लावते,” मॅडम म्हणाल्या. आणि ते खरं होतं. मिथेनॉल विषारी, कॉस्टिक सोडा हाताला भाजणारा. ते दोन्ही मिसळायचं काम त्या स्वतः करत. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून, डोळ्यांवर मोठा चष्मा चढवून, मुलांना दाराबाहेर ओळीत उभं करून. मुलांकडे तेल गाळणं, ते गरम करून त्यातलं पाणी उडवणं आणि बाटली हलवणं ही कामं.

पहिल्या वेळी बाटलीत इंधन झालंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत पिवळट, थलथलीत काहीतरी गोठून बसलं होतं. मुलांची तोंडं उतरली. मॅडमनी बाटली उलटी केली, आतला गोळा हलला नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्या बाटली घेऊन थेट माझ्या वर्गात आल्या. माझी कविता अर्धवट राहिली.

“सर, पाहा! साबन झाला!”

“वाईट झालं,” मी म्हणालो.

“वाईट कायचं? आता काऊन झाला ते शोधा लागंल नं!”

ते शोधायला पंधरा दिवस गेले. तेल जितकं जास्त वेळा तापलेलं, तितकी त्यात आम्लं जास्त. आणि ती ओळखून सोडा बेतानं घातला नाही तर इंधनाऐवजी साबण होतो. म्हणून आधी तेल तपासायचं. तेलाच्या नमुन्यात दर्शक द्रव घालायचा, मग थेंब थेंब सोडा टाकायचा, रंग गुलाबी होईपर्यंत थेंब मोजायचे. थेंब जास्त म्हणजे तेल जास्त जळलेलं. मुलांना हा खेळ फार आवडला. मॅडमनी त्यांना सांगितलं की ज्याला जिथून मिळेल तिथून तेल आणा. सहा बाटल्या आल्या. त्यांवर एक ते सहा आकडे चिकटवले गेले.

आणि इथं कापगते मॅडमची चूक झाली.

त्या दिवशी मी शेजारच्या वर्गात होतो, मधली भिंत अर्धीच होती, त्यामुळे मी हे खरंच आयकून सांगतो आहे. तीन बाटल्यांचे थेंब मोजून झाले होते. चार नंबरची बाटली काही केल्या गुलाबी होईना. मुलं थेंब मोजता मोजता ओरडायला लागली, जसं काही क्रिकेटचा स्कोअर वाढतो आहे. शेवटी रंग आला आणि मॅडमचा आवाज आला, “बापा रे! हे तेल कढईतून कधी निघलंच नाही वाटते. असं तेल मानसाले खाऊ घालते तरी कोन?”

वर्ग खो-खो हसला. बाटली पायलनं आणली होती. तिचे आईवडील गोरेगावच्या बाजारात ताडपत्रीखाली भज्यांचं दुकान लावत. मॅडमना हे ठाऊक नव्हतं. निम्म्या वर्गाला होतं.

दुसऱ्या दिवशी पायल आली तेव्हा मुलं तिला ‘चार नंबर’ म्हणून हाक मारायला लागली. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. चौथ्या आणि पाचव्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी मॅडमनी हजेरी घेताना विचारलं तेव्हा एका मुलीनं उभं राहून सगळं सांगितलं.

मधल्या सुट्टीत मॅडम स्टाफरूममध्ये आल्या आणि डबा न उघडता बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, तुमी मराठीचे. माफी कशी मागतेत?”

मी प्रश्न गांभीर्यानं घेतला. ‘माझ्याकडून अनवधानाने आपले मन दुखावले गेले असल्यास’ अशा थाटाचं एक वाक्य मी त्यांना रचून दिलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं.

“एवढं लंबं? आणि ‘असल्यास’ कायले? दुखावलंच हाय नं.”

शाळा सुटल्यावर त्या म्हणाल्या, चला. मी मोटारसायकल काढली, त्या मागे बसल्या.

शेंडेंचं घर गावाच्या टोकाला. अंगणात पायलची आई कांदे निवडत होती. वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला पाहून उठले, पण ‘या’ म्हणाले नाहीत. पायल आतल्या दाराआड उभी राहिली. तिच्या ओढणीचं टोक तेवढं दिसत होतं.

“शेंडेभाऊ, चूक माही हाय,” मॅडम उभ्यानंच म्हणाल्या. “मी पोरीसमोर, वर्गासमोर नाई ते बोलली. त्याची माफी मांगाले आली.”

शेंडेभाऊंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “ते रायू द्या. येवढं सांगा, आमचं तेल खराब हाय का नाई?”

मला वाटलं, आता ‘नाही’ म्हणावं आणि विषय मिटवावा. मी तर तेच म्हटलं असतं.

“खराब हाय,” मॅडम म्हणाल्या.

“मंग माफी कायची मांगून राहिल्या?”

“तेलाची नाई मांगत. बोलण्याची मांगून राहिली.”

शेंडेभाऊ संतापले. वीस वर्षं आम्ही लोकांना खाऊ घालतो, कोणी मेलं नाही, पोरीला शाळेत पाठवलं ते बापाची लाज काढायला नाही, असं बरंच बोलले. मॅडम मान खाली घालून ऐकत राहिल्या. त्यांचं बोलून झाल्यावर पायलची आई कांदे बाजूला सारत म्हणाली, “अजी मॅडम, तेल फेकून देऊ का मंग? येवढं सारं तेल?”

“फेकू नका. शाळेले द्या. आमाले तेच पायजे.” मग त्या दाराकडे वळल्या. “पायल, एक काम हाय. आमी सहा बाटल्या तपासल्या, पन तेल कधी बिघडते ते आमाले माईतच नाई. पहिल्या घाण्याले का दहाव्या घाण्याले? ते पाहाले कढई पायजे. वर्गात कोनाजवळ कढई नाई. तुह्याजवळ हाय.”

ओढणीचं टोक आत सरकलं. शेंडेभाऊंनी आम्हाला चहा विचारला नाही. आम्ही परत आलो. रस्त्यात मॅडम एकदाच बोलल्या, “चहा नाई दिला ते बरं केलं. उगाच गोडगोड झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी पायल नव्हती, तरी मॅडमनी वर्गासमोर उभं राहून सांगितलं, “त्या दिवशी मी तेलाबद्दल बोलता बोलता मानसाबद्दल बोलली. ते विज्ञान नव्हतं.” मग पिशवीतून त्यांनी स्वतःच्या खोलीवरच्या तेलाची बाटली काढली आणि ती मुलांना तपासायला दिली. मॅडम एकट्या राहणाऱ्या. पापड तळलेलं तेल वाटीत झाकून ठेवून पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या. थेंबांवर थेंब पडत गेले. चार नंबरच्या खालोखाल आकडा आला. मुलांना हसावं की नाही कळेना. मग मॅडमच हसल्या आणि म्हणाल्या, “पाहा! आणि मी दुनियेले शिकवून राहिली.”

‘चार नंबर’ अशी हाक त्या दिवसानंतर मी ऐकली नाही. पायल पुढच्या सोमवारी आली. माफीमुळे आली की कढईमुळे, ते मी विचारलं नाही. तिच्या दप्तरात औषधाच्या आठ लहान बाटल्या होत्या, प्रत्येकीला कागद बांधलेला: पहिला घाणा, तिसरा, पाचवा. तिनं त्या मॅडमच्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

तिथून पुढे ती त्या कामाची मालकीण झाली. भिंतीवर तिनं मोठ्या कागदावर आलेख काढला. सुरुवातीला जवळपास आडवी जाणारी रेघ, तेच तेल दुसऱ्या बाजाराला पुन्हा तापलं की एकदम वर चढत होती. ती रेघ पाहायला एकदा शेंडेभाऊ स्वतः शाळेत आले. आलेखासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि पायलला हळूच म्हणाले, “म्हणजे इथवर चांगलं हाय?” पायलनं रेघ जिथं वळते तिथं बोट ठेवलं. “इथवर, बाबा.” त्यांनी लगेच काही बदललं नाही. दोन महिने जुनं तसंच चाललं. मग एका बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पायल जड कॅन दोन्ही हातांनी धरून शाळेत आली आणि मॅडमना म्हणाली, “बाबांनी देल्लं.” मॅडम फक्त “हव, ठेव” म्हणाल्या, पण तो अख्खा तास त्यांनी फळ्यावर एकही अक्षर न लिहिता नुसत्या गप्पा मारल्या.

हिवाळ्यात इंधन तयार झालं. पाण्यानं धुतलेलं, कोरडं केलेलं, मधासारखं स्वच्छ. आता ते इंजनात घालून पाहायचं होतं. शाळा समितीतल्या एका गृहस्थांकडे पाणी ओढायचं इंजन होतं. ते म्हणाले, “मॅडम, तुमचा प्रयोग होते अन् माहं इंजन बसते.” बाकीच्यांनीही हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. शेवटी मॅडमच्या यजमानांनी सौंदडहून स्वतःचं जुनं इंजन छोट्या टेम्पोत टाकून आणलं. फार कमी बोलणारा, उंच, सावळा माणूस. मी त्यांना म्हटलं, “तुम्हाला भीती नाही वाटत, बिघडेल म्हणून?” ते म्हणाले, “बिघडलं तं दुरुस्त होते. घरी मॅडम बिघडली तं नाई होत.”

बोडीच्या काठावर इंजन बसवलं. शाळा तर आलीच, अर्धं गावही आलं. मुख्याध्यापक सगळ्यांना “पीछे हटो, पीछे” म्हणत स्वतः पुढे सरकत होते. आधी साध्या डिझेलवर इंजन चालू करायचं आणि मग टाकी बदलायची, असं ठरलं होतं. यजमानांनी हँडल मारलं, इंजन सुरू झालं. मॅडमनी पायलला खूण केली. पायलनं तोटी फिरवली.

इंजन खोकलं. आवाज पडला, अगदी बंद पडतो की काय असा. पांढरा धूर निघाला. मॅडमनी चष्म्याचा दोरा मुठीत गच्च धरला होता. मग इंजननं एक आचका दिला आणि त्याची लय परत लागली, टक-टक-टक-टक. पाइपच्या तोंडातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार बांधीत पडायला लागली.

“पानी आलं! मॅडम, पानी आलं!”

आणि मग वास आला. सगळ्या बांधीवर ताज्या भज्यांचा वास पसरला. लहान वर्गातली पोरं “भूक लागली, भूक लागली” म्हणून नाचायला लागली. समितीचे गृहस्थ पुढे येऊन धुराचा वास घेत म्हणाले, “कोनतं तेल हाय व यात?”

पायलनं गर्दीत उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. “चार नंबरचं,” ती मोठ्यानं म्हणाली. शेंडेभाऊंनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि ते बराच वेळ पुसतच राहिले.

इंधन संपल्यावर इंजन थांबलं. एका मुलीकडे घड्याळ होतं. नऊ मिनिटं झाली होती. मोबाइलवर बातम्या पाठवणारा एक तरुण तिथं आला होता. तो मॅडमसमोर फोन धरून म्हणाला, “मॅडम, आता आपला जिल्हा डिझेलमुक्त होणार का?”

“नाई,” मॅडम म्हणाल्या. “नऊ मिनिटं पानी आलं. एवढंच लिवा.”

तो हिरमुसला. मला मात्र त्या नऊ मिनिटांवर त्या किती जपून हात ठेवत होत्या ते दिसलं. कमी सांगणंही नाही आणि जास्तीही नाही. मी इतकी वर्षं मुलांना निबंध लिहायला शिकवतो. विशेषणं कमी करा, असं तेव्हापासून सांगायला लागलो.

पुढच्या वर्षी मॅडमची बदली सालेकसा तालुक्यात झाली, जंगलाच्या बाजूला. निरोप समारंभात सगळे त्यांच्याबद्दल भरभरून बोलले. त्या अस्वस्थ होऊन बसल्या होत्या. पायल बोलायला उभी राहिली. ती म्हणाली, “मॅडमनी आमच्या घरी येऊन खरं सांगलं,” आणि बसली. मॅडमनी तेवढ्यावर मान हलवली. पायल आता गोंदियाला कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. शेंडेभाऊंचं दुकान त्याच ताडपत्रीखाली आहे.

यंदा परीक्षेच्या कामासाठी मला सालेकसाकडे जावं लागलं. काम लवकर आटोपलं, म्हणून मॅडमच्या नव्या शाळेकडे वळलो. दुपारची वेळ होती. शाळेमागे मोहाच्या झाडाखाली सात-आठ मुली जमिनीवर गोल करून बसल्या होत्या आणि त्यांच्यात मांडी घालून मॅडम. मध्ये सुपात मोहाच्या बिया वाळत होत्या; इकडे त्यांना टोरी म्हणतात आणि त्यांचं तेल काढतात. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी बी फोडून दाखवत होती आणि तिच्या आतल्या गराचं गोंडीतलं नाव मॅडमना सांगत होती. मॅडमनी ते म्हणून पाहिलं. मुली हसल्या. त्या मुलीनं कपाळाला हात लावला आणि एकेक अक्षर तोडून पुन्हा सांगितलं. मॅडम पुन्हा चुकल्या.

मी हेल्मेट हातात धरून थोडा लांब उभा होतो. मॅडमनी मला पाहिलं, ओळखलं, हसल्याही. पण लगेच हाताचा पंजा उभा केला, थांबा म्हणून, आणि पुन्हा त्या मुलीकडे वळल्या. तो शब्द त्यांच्या जिभेवर बसत नव्हता. मुलगी त्यांना सोडत नव्हती.

मी बराच वेळ थांबलो. बसची वेळ गाठायची असलेला एक सोबती माझ्याबरोबर होता, तो रस्त्यावर माझ्या मोटारसायकलचा हॉर्न वाजवत होता. मी निघालो. मोटारसायकलला किक मारणार तोच मागून मुलींच्या टाळ्या ऐकू आल्या. वळून पाहिलं तर ती मुलगी उभी राहिली होती आणि कापगते मॅडम जमिनीवर बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.